सौ. शालन द. मगदूम

सोमवारी सकाळी आमची बँक रस्ता ओलांडून समोरच्या मोठ्या बँकेत शिरली. मी दुकानाचं शटर वर करत होते, त्यामुळे मला सगळं नीट दिसलं. आधी पायऱ्या गेल्या, मग पाटी, मग लॉकरची खोली आणि सगळ्यात शेवटी सायकली लावायचा पत्रा. रिक्षावाले थांबले. हॉर्न कुणी वाजवला नाही. माझ्या दुकानाशेजारी इतकी वर्षं हंसप्रभा सहकारी बँक उभी होती, तिथं आता ओल्या मातीचा चौकोन राहिला. दोन कुत्री लगेच येऊन त्यात झोपली.

पेपरात आधी आलं होतं, विलीनीकरण म्हणून. हा शब्दच मला आवडला नव्हता. आमच्याकडे माणूस अनंतात विलीन झाला की चौकात फ्लेक्स लागतो आणि खाली शोकाकुल म्हणून सगळ्या भावकीची नावं येतात. बँक विलीन झाली तर फ्लेक्सवर फुगे, आणि ‘आता अधिक बळकट’. मेलेल्याला बळकट म्हणतात होय कुणी? म्हटलं, शालन, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

स्वभावच संशयी आहे माझा. भांड्यांचा धंदा करते. गिऱ्हाईक डबा घेतं आणि म्हणतं, नाव घालून द्या. मी आधी विचारते, सौ. की श्रीमती? अक्षर एकदा पत्र्यात बसलं की निघत नाही. नवरा असलेल्या बाईच्या डब्यावर श्रीमती आलं तर ती भांडायला येते. ज्या बाईचा नवरा गेला, तिच्या डब्यावर चुकून सौ. आलं तर ती भांडत नाही, नुसती बघत राहते. ते मला सोसत नाही. पूर्वी नावं आमचे मालक घालायचे. मालक म्हणजे माझे मिस्टर, दत्तात्रय. त्यांचं अक्षर अख्खा तालुका ओळखतो. मगदूममधल्या ‘दू’चं शेपूट ते असं ओढायचे, की डब्याच्या निम्म्या पोटापर्यंत जायचं. डोळ्यांत मोतीबिंदू आला तसं मशीन माझ्या हातात आलं. ते गल्ल्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करतात.

बँकेने दारावर सूचना लावली होती. ज्यांना नव्या बँकेत राहायचं नाही त्यांनी महिनाअखेरपर्यंत खातं दुसरीकडे न्यावं. मी मालकांना म्हटलं, नेऊया आपण. ते म्हणाले, कशाला, तिथं एसी आहे. मोतीबिंदू झालेल्या माणसाला बँकेत एसी कशाला लागतो, हे मला समजलं नाही. तरी मी एकदा आत जाऊन बघून यायचं ठरवलं.

आत जे जे दोन होतं त्याचं एक झालं होतं. आमचे बिरनाळे साहेब आणि त्यांचे सोमण साहेब मिळून एकच साहेब खुर्चीत बसले होते. पोट बिरनाळ्यांचं, चष्मा सोमणांचा. भिंतीवर दोन्ही बँकांच्या संस्थापकांचा मिळून एक फोटो होता. फेटा आमच्यांचा, टाय त्यांच्यांचा, मिशी एका बाजूलाच. हार मात्र दोन होते. हारांचं विलीनीकरण व्हायचं होतं बहुतेक.

साहेबांनी मला बसायला सांगितलं. बिरनाळे साहेब मला वहिनी म्हणायचे आणि सोमण साहेब मॅडम. हे साहेब आधी वहिनी म्हणाले आणि लगेच मॅडमही म्हणाले.

“तुमच्या नावाची आणखी एक ग्राहक निघाली,” ते म्हणाले. “शालन दत्तात्रय मगदूम. पलीकडच्या कवलवाडीच्या. त्यांचं खातं पहिल्यापासून मोठ्या बँकेत. नाव एक, म्हणजे ग्राहक एक.”

“आम्ही दोघी आहोत.”

“सध्या.”

मी विचारलं, तिचं खातंही माझ्यासारखं जोडीने आहे का. आहे म्हणाले. तिच्याही मालकांचं नाव दत्तात्रय. फक्त ते कैलासवासी झालेत, नाव कमी करायचं राहून गेलंय.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सरळच विचारलं, मग आमच्या मालकांचं काय होणार?

“दोघांचं मिळून एक होईल.”

“आमचे जिवंत आहेत.”

“त्यांचे नाहीत,” साहेब म्हणाले. “सरासरी निघेल, वहिनी. व्याजाचंही तसंच काढलं, मॅडम.”

हे ते इतक्या सहज बोलले की मी चहासुद्धा पिऊन आले. मी दुकानात शिरले. मालक गल्ल्यावर बसून रिक्षावाल्याची चेष्टा करत होते. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. पंचेचाळीस वर्षांचा संसार आमचा. मूलबाळ नाही. हा माणूस घोरतो, तंबाखू लपवून खातो, आणि मला तो सगळाच्या सगळा पाहिजे. सरासरी नको. खातं हलवायचं, हे मी तिथंच पक्कं केलं.

त्या दिवशी घरी गेले तर मालकांच्या खुर्चीच्या वर, भिंतीत एक खिळा आला होता. माणसाच्या डोक्याच्या जरा वर, थोडा तिरका, फोटो नीट बसावा असा. खिळा कुणी ठोकला म्हणून विचारलं. मालक म्हणाले, मी कशाला ठोकू, मला दिसतंय का. मी पक्कड आणली आणि उपटला. दुसऱ्या दिवशी परत तिथंच. परत उपटला. भिंतीला भोक पडत नव्हतं, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

मग मी स्टँडवरच्या तिसऱ्या बँकेत गेले. तिथला अधिकारी तरतरीत होता, लगेच या म्हणाला. मी विचारलं, तुमची कुणात विलीन होणार नाही ना? तो म्हणाला, सध्या तरी नाही. हा ‘सध्या’ मी दुसऱ्यांदा ऐकत होते. पण दुसरा इलाज नव्हता. तो म्हणाला, आधी जुनं खातं बंद करून आणा, दोघांनी समोर बसून सही करायची, मग इथलं मी बघतो. मी मालकांना सांगितलं, अमुक दिवशी दाढी करून तयार राहा. ते बरं म्हणाले, पण पाणी पिताना भांडं त्यांनी डाव्या हातात धरलं होतं. डावखुरे नाहीत ते. मी भांडं काढून उजव्या हातात दिलं. ते निम्मंच प्यायले.

इकडे रस्ता अरुंद होत चालला होता. मोठ्या बँकेत दोन्ही बँकांचं सामान मावेना, म्हणून ती रोज जराशी पुढं सरकायची. आधी रिक्षा जायच्या बंद झाल्या, मग मोटरसायकली. दुकानदार माल डोक्यावरून नेऊ लागले. तक्रार कुणी केली नाही, कारण सगळ्यांची कर्जं तिथंच होती. माझ्या गल्ल्यावरून मला आता साहेबांच्या टेबलावरचा पेनस्टँड दिसायचा.

आणि मग ती आली.

मी तिला लांबूनच ओळखलं. ती माझ्यासारखी दिसत होती असं नाही. ती माझ्याहून काळी, उंच, आणि अंगाने बारीक. पण रस्त्यावर समोरून एकच माणूस येऊ शकत होता, आणि ती अंग चोरून, पिशवी छातीशी धरून आली. पिशवीत फ्रेम होती, हे तिच्या कोपऱ्यांवरून कळत होतं.

“मी शालन,” ती म्हणाली.

“मीही,” मी म्हटलं.

मी तिला स्टूल दिलं. मालक दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालायला गेले होते, ते बरंच झालं. तिने पिशवीतून आधी डबा काढला, मग फोटो. डब्यात तिळाच्या वड्या होत्या. मी एकही खाल्ली नाही. कुणी गोड घेऊन आलं की मी आधी त्याचं काम काय ते बघते. फोटो तिने पदराने पुसून माझ्यापुढं धरला. त्यात एक खुर्ची होती, मागे स्टुडिओचा पडदा, आणि खुर्चीत कमरेपासून वरचा एक माणूस. कमरेखाली पडदाच दिसत होता.

“पाय गेल्या आठवड्यात निघाले,” ती म्हणाली. “येतायत बघा. हळूहळू येतायत.”

तिने सांगितलं ते असं. तिचे मालक गेले त्याला बरीच वर्षं झाली. डावखुरे होते, गवंडी होते, तिला शालू म्हणायचे. भाजीत लसूण चालायचा नाही. ते गेल्यावर तिने फोटोशी बोलायची सवय लावून घेतली. विलीनीकरण झालं त्या दिवशी फोटोतल्या चपला दिसेनाशा झाल्या. तिला वाटलं डोळे गेले, म्हणून ती डॉक्टरकडेही जाऊन आली. नंतर बँकेतल्या साहेबांनी समजावून सांगितलं. तिला किती आनंद झाला असेल ते तिच्या बोलण्यात ऐकू येत होतं, आणि मला आमच्या मालकांचं ताट आठवलं. त्याच सकाळी मी लसणाची फोडणी दिलेली मेथी मालकांनी बाजूला सारली होती.

“तुम्ही खातं हलवू नका,” ती म्हणाली. “पूर्ण नको मला. अर्धा आला तरी चालेल.”

मला तिचा राग आला. अर्धा! जसं काही मी दुकानात कापड फाडून देते. पण तिला उठवून लावावंसंही वाटेना, कारण ती रडत नव्हती. तिने फोटो परत पदरात गुंडाळला, लहान पोराचं अंग पुसून गुंडाळावं तसा. मी एवढंच म्हटलं की विचार करते. विचार मी करणार नव्हते. तिलाही ते कळलं असावं. ती डबा तिथंच ठेवून गेली.

आता डबा परत करायचा म्हणजे रिकामा करता येत नाही. शत्रूचा असला तरी रिकामा डबा परत करणाऱ्या घरातली मी नाही. वड्या मी कुत्र्यांना घातल्या, त्यांनी हुंगून सोडल्या. डबा घासला आणि फळीवर माझ्या डब्याशेजारी पालथा घातला. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी कुटली, भरली, झाकण दाबलं आणि डबा समोर बँकेत ठेवून आले, ती विधवा पेन्शनसाठी येते तेव्हा द्या म्हणून. रस्ता इतका अरुंद झाला होता, की मी एक पाय दुकानात ठेवूनच डबा काउंटरवर ठेवला.

संध्याकाळी फळीकडे बघितलं. फळीवर एक डबा होता. त्यावर ‘सौ. शालन द. मगदूम’ असंच लिहिलं होतं, पण अक्षर कुठल्या तरी परक्या माणसाचं, बारीक, तुटकतुटक. ‘दू’ला शेपूट नव्हतं. तो तिचा डबा होता. तिच्या मालकांनीच कधीतरी कोरलेलं असणार, म्हणून सौ. मी दिला होता तो माझा. लग्नाच्या वर्षी मालकांनी माझ्या नावाचा पहिला डबा केला होता, दुकानात बसून, उजव्या हाताने, सासूबाई बघत असताना, लाजत. ते शेपूट इतकं लांब ओढलं होतं, की सासूबाई म्हणाल्या होत्या, आता पुरे की रे.

आयुष्यात मी कुणाचा चमचा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. तो डबा मी आपल्या हाताने भरून दिला होता.

त्याच पावली समोर गेले. काउंटर बंद होत होतं. साहेब म्हणाले, त्या बाई आल्या होत्या, डबा घेऊन गेल्या, चटणी फार आवडली. मी म्हटलं, डबा चुकून गेला. ते म्हणाले, चुकून गेला असेल, पण भरून गेला. भरून दिलेला डबा म्हणजे संमतीच, मॅडम. आपल्याकडे तरी तसंच धरतात, वहिनी.

घरी मालक अंधारात बसले होते. मी दिवा लावला. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि तो हात सपाट होता. रंग होता, नखं होती, अंगठीही होती, पण जाडी नव्हती. कडेने बघितलं तर नुसती रेघ दिसायची. मी तो हातात घेतला. गुळगुळीत लागला, थंड. मी विचारलं, दुखतंय का हो? ते म्हणाले, नाही गं शालू, गार लागतंय फक्त. तेव्हा मात्र मला रडू आलं. मी त्या हाताला शाल गुंडाळली आणि सकाळी बँक उघडायची वाट बघितली.

सकाळी खिळा उपटला आणि फेकून न देता मुठीत घेतला. म्हटलं, साहेबांपुढं आपटते. मालकांना दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दुकानात आणलं. शटर वर केलं तर रस्ता नव्हता. माझा गल्ला आणि बँकेचं काउंटर एकमेकाला चिकटले होते. मध्ये झाडू घालायलाही जागा नव्हती. आम्ही आमच्याच स्टुलांवर बसलो आणि साहेब पलीकडे.

ती आधीच येऊन बसली होती, साहेबांच्या बाजूला. मांडीवर फ्रेम, फ्रेमवर माझा डबा, धुऊन पुसलेला.

“खातं बंद करायचं,” मी म्हटलं. “लगेच.”

साहेबांनी कागद सरकवला. मी सही केली, नेहमीपेक्षा ठसठशीत. मग मालकांपुढं ठेवला. त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं.

“उजव्या हाताने करा हो,” मी म्हटलं.

त्यांनी माझं ऐकलं. आयुष्यभर ऐकत आलेत, चेष्टा करत करत का होईना. शाल सोडली, पेन उजव्या हातावर ठेवलं. ते त्या हातावरून घरंगळून खाली पडलं. वाकून त्यांनी ते डाव्या हाताने उचललं आणि सही केली. बारीक, तुटकतुटक. ‘दू’ला शेपूट नाही. साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला, दोन्ही खात्यांवरच्या जुन्या सह्या काढल्या, शेजारी धरल्या.

“तुमच्याशी जुळत नाही,” ते मला म्हणाले. “यांच्याशी जुळते.”

ती मालकांकडे बघत होती. एखादं लहान पोर मिठाईच्या काचेत बघतं तसं बघत होती, आणि मला तिला मारावंसंही वाटलं आणि तिच्या डोळ्यांवर हात ठेवावासाही वाटला. मालक तिच्याकडे बघून हसले. ते हसू माझं होतं. तंबाखूने काळे पडलेले दात सगळे माझे होते.

“म्हणजे झालं विलीनीकरण,” साहेब म्हणाले आणि त्यांनी कोरं पासबुक पुढं ओढलं. “आता नाव एकदाच लिहायचं. खोडता येत नाही, म्हणून विचारून घेतो. सौ. लिहू की श्रीमती?”

हा प्रश्न मी जन्मभर दुसऱ्यांना विचारत आले. मला कुणी विचारला नव्हता. मालक शेजारी बसून श्वास घेत होते, मला ऐकू येत होता, आत जायचा मोठा आणि बाहेर यायचा अगदी थोडा. मी म्हटलं, सौ. तीही सौ. म्हणाली. दोघींनी म्हटलं, पण आवाज एकच निघाला, आणि तो माझा होता की तिचा, हे मला सांगता येणार नाही. साहेबांनी लिहून घेतलं.

मग तिने डबा बाजूला ठेवून फ्रेम उलटी केली. काचेमागे नुसती खुर्ची होती आणि स्टुडिओचा पडदा. मालक उठले, काउंटरवरून वाकले, आणि फ्रेम तिच्या मांडीवरून उचलून त्यांनी डाव्या काखेत धरली, बाजारातून आणलेली वस्तू धरावी तशी. धूळ त्यांनी सदऱ्याला पुसली.

“चला,” ते म्हणाले. “घरी खिळा आहे ना गं?”

खिळा माझ्या मुठीत होता. मी मूठ उघडली नाही. तिचीही मूठ तशीच मिटलेली होती, तिनेही ती उघडली नाही.